हातात सहावीचं पुस्तक, वाचन दुसरीचं: कोरोनाच्या वर्षांत पहिलीत आलेल्या मुलांना आता कसं शिकवायचं?

पत्र

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यंदा माझ्याकडे सहावी आहे, पट २३. ही मुलं जून २०२० ला पहिलीत आली. आली म्हणजे हजेरीपटावर नावं लागली तेवढीच. आज त्यातल्या ९ जणांना दुसरीचा धडाही नीट वाचता येत नाही. फळ्यावरचं मात्र उतरवून घेतात, अक्षरही बरं आहे. केंद्रप्रमुख आले की अभ्यासक्रम कुठवर आला ते विचारतात. मागचं शिकवायला घेतलं की बाकीच्या १४ जणांचे पालक म्हणतात, आमच्या मुलांचं नुकसान होतंय. चार मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाला जातील. एक मुलगी महिनाभर शाळेत आलेली नाही. गावात सगळे म्हणतात, 'कोरोनाची पोरं, वाया गेली.' माझी भाची पुण्यात खासगी शाळेत आहे. तीही त्याच वर्षी पहिलीत होती, तिचं काही अडलेलं नाही. शाळा तर सगळ्यांच्याच बंद होत्या. मग एवढा फरक का पडला? आणि आता सहावीत मी नेमकं काय करू?

– एक शिक्षिका

उत्तर

ताई, काय करायचं ते आधी सांगतो. रोज एक तास सहावीचं पुस्तक मिटून ठेवा. त्या तासाला २३ च्या २३ मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे गटात बसवा आणि ज्याला जे येतं त्याच्या पुढचं शिकवा. उरलेला सगळा वेळ सहावीचाच. पुस्तक सोडून द्यायचं नाही, आणि मुलांना अ-आ-इ पासून पुन्हा सुरुवातही करायला लावायची नाही. हे कसं बसवायचं ते पुढे येतंच, पण तुमचा 'का' महत्त्वाचा आहे. तो नीट कळला की पालकांना आणि साहेबांना काय सांगायचं तेही ठरतं.

राज्यातल्या शाळा मार्च २०२० च्या मध्याला बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. जानेवारीत पुन्हा कुलूप लागलं, ते २४ जानेवारी २०२२ पासून निघू लागलं. म्हणजे तुमच्या मुलांची अख्खी पहिली आणि दुसरीचा निम्म्याहून जास्त भाग वर्गाबाहेर गेला. पहिलीत बाराखडी बसते, दुसरीत जोडाक्षरं आणि हातच्याची वजाबाकी. नेमका पायाचाच भाग गेला.

शाळा सगळ्यांची बंद होती हे खरं, पण त्या काळात शाळेच्या जागी काय आलं ते घराघरात वेगळं होतं. महामारीच्या आधी, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, शहरी घरांपैकी ४२ टक्क्यांत इंटरनेटची सोय होती आणि ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्क्यांत. संगणक शहरात २३ टक्के घरांत, खेड्यात ४ टक्क्यांच्या आसपास. पुढे स्मार्टफोन झपाट्याने वाढले. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२० ला जवळपास ६२ टक्के मुलांच्या घरी असा फोन होता, दोन वर्षांपूर्वी तो ३६ टक्क्यांकडे होता. पण घरात फोन असणं आणि तो मुलाच्या हातात येणं यात फरक आहे. फोन बापाबरोबर कामाला जातो, रात्री परत येतो, तोवर डेटा संपलेला असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्यांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी फक्त ८ टक्के नियमित ऑनलाइन शिकत होती, ३७ टक्के तर काहीच शिकत नव्हती.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असं नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवर रोज येत होती, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागत होतं. पण पहिलीतलं मूल एकटं पडद्यावरून वाचायला शिकत नाही. 'ही पहिली वेलांटी, ही दुसरी, आता तू काढ' असं म्हणणारं माणूस शेजारी लागतं. तुमच्या भाचीकडे ते होतं. घरी बसून काम करणारी आई किंवा बाबा, वेगळा फोन, गोष्टीची पुस्तकं, कदाचित शिकवणी. तुमच्या वर्गातल्या मुलांचे आईबाप फडात होते. नेदरलँड्ससारख्या देशात, जिथे घरोघरी वेगवान इंटरनेट आहे आणि शाळा आठच आठवडे बंद होत्या, तिथेसुद्धा मुलं मागे पडली. कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांचं नुकसान तर इतरांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त निघालं. आपल्याकडे बंदी त्याच्या कितीतरी पट लांबली.

पण आमच्या मते खरी गोष्ट याच्या पुढची आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये पाकिस्तानच्या उत्तर भागात भूकंप झाला. तिथल्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी संशोधकांनी मुलांची चाचणी घेतली, तेव्हा भूकंपरेषेजवळची मुलं दीड ते दोन वर्षं मागे होती. बुडालेले आठवडे १४ आणि मागे पडणं दोन वर्षांचं, असं कसं झालं? शाळा उघडल्यावर वर्ग पुस्तकाप्रमाणे पुढे निघून गेला. ज्यांचा मधला भाग बुडाला होता त्यांना पुढचं कळेना, आणि दरवर्षी अंतर वाढत गेलं. ज्यांच्या आईने किमान प्राथमिक शिक्षण पुरं केलं होतं, ती मुलं मात्र मागे पडली नाहीत. घरात कोणीतरी खळगा भरून काढला.

तुमच्या वर्गात हेच आजही घडतंय. दीड वर्षाची बंदी संपून गेली, पण ज्या तासाला मुलासमोर 'मौर्य साम्राज्य', 'राष्ट्रकूट', 'हडप्पा संस्कृती' असे शब्द येतात आणि त्याला 'र्य'च वाचता येत नाही, तो तासही त्याच्यासाठी बंद शाळेसारखाच जातो. ते नुकसान तुम्ही थांबवू शकता.

गावातल्या 'कोरोनाची पोरं' या बोलण्याबद्दलही एक सांगायला हवं. 'असर'चे आकडे योगायोगाने नेमके तुमच्या मुलांच्या तुकडीचे आहेत. ही तुकडी २०२२ मध्ये तिसरीत होती, तेव्हा ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०.५ टक्के होती. २०१८ मध्ये हाच आकडा २७ च्या वर होता. हीच तुकडी २०२४ मध्ये पाचवीत गेली, तेव्हा दुसरीचा मजकूर वाचणारी ४८.८ टक्के झाली. २०१८ मधल्या पाचवीचा आकडा होता ५०.५. म्हणजे सरासरीने ही मुलं जवळजवळ पूर्वीच्या जागी आली, दोनच वर्षांत. ती वाया गेलेली नाहीत. पण ती पूर्वीची जागा कुठे होती तेही बघा. कोरोनाच्या आधीसुद्धा पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचं वाचता येत नव्हतं. महामारीने दरी रुंद केली, ती आधीपासून होतीच. तेव्हा 'सरासरी सावरली' या बातमीवर समाधान मानू नका. तुमचे ९ जण त्या सरासरीच्या खालच्या बाजूला आहेत आणि त्यांच्याकडे कोणी आपणहून येणार नाही.

आता कामाला लागू.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाची चाचणी घ्या. एकेकाला बाजूला बोलवायचं, व्हरांड्यात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. एका मुलाला सात मिनिटं धरा. २३ मुलांना पावणेतीन तास लागतील, तीन दिवसांत विभागून घ्या. चार कागद तयार ठेवायचे: दहा सुटी अक्षरं, दहा सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि आठ-दहा वाक्यांची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो असा असावा:

*मीनाची शेळी काळी आहे. ती रोज माळावर चरते. काल ती वाट चुकली. मीनाने तिला शोधून आणले.*

यात एकही जोडाक्षर नाही, ते मुद्दाम. मूल हे सलग, वाक्यासारखं आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचत असेल, तर गोष्ट द्या. गोष्टीत जोडाक्षरं असू द्या. परिच्छेद अडखळत, अक्षर-अक्षर लावत वाचलं तर शब्दांवर या. त्याच्या आवडीचे पाच शब्द वाचायला सांगा, चार बरोबर आले तर ते 'शब्द' पातळीवर आहे. नाही आले तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. गोष्ट वाचणाऱ्याला शेवटी दोन प्रश्न विचारा. त्यातला एक थेट गोष्टीत न सांगितलेला असावा, 'शेळी का चुकली असेल?' अशासारखा.

मजकूर पाठ्यपुस्तकातला नको. मुलांना धडे ऐकून पाठ झालेले असतात आणि ती न वाचता म्हणून दाखवतात. वाचताना मुलाच्या बोटाकडे लक्ष ठेवा. तोंड पुढे आणि बोट मागे राहिलं, किंवा मूल 'पाणवठा' या शब्दावर बोट ठेवून 'पाणी' म्हणालं, तर ते पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधतंय. सुंदर अक्षरात उतरवून घेणं हा वाचनाचा पुरावा नाही. ते चित्र काढण्यासारखं आहे, तुमच्या लक्षात आलंच आहे. आणि सामूहिक वाचनावर कधीच विसंबू नका. तीन मुलं वाचतात, बाकीची सूर मिसळतात.

गणितासाठीही तसंच: १ ते ९ ओळखणं, १० ते ९९ ओळखणं, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. वजाबाकीपासून सुरू करा.

नंतर एका पानाचा तक्ता करा. डावीकडे नावं, वर तारखा, चौकोनात फक्त 'अ', 'श', 'प', 'गो'. हा तक्ता भिंतीवर लावायचा नाही, तुमच्या वहीत राहू द्या.

तास कोणता ठेवायचा? परिपाठानंतरचा पहिला. शाळा सुटल्यावर जादा तास घेण्याचा मोह होतो, तो टाळा. सुटल्यावर थांबणारी मुलं तीच असतात ज्यांना गरज कमी असते. बाकीच्यांना घरी लहान भावंडं असतात, पाणी भरायचं असतं, शेळ्या सोडायच्या असतात. पाचवी आणि सातवीचे शिक्षक तयार असतील तर तिन्ही वर्गांचा हा तास एकाच वेळी ठेवा आणि मुलं पातळीप्रमाणे तीन खोल्यांत वाटून घ्या. एका शिक्षकाकडे एकच पातळी आली की काम निम्म्याने हलकं होतं. कोणी तयार नसेल तर तुमच्याच वर्गात तीन गट करा. तुम्ही जमिनीवर बसायचं ते सर्वांत खालच्या गटाजवळ.

अक्षर आणि शब्द या गटांचा भाषेचा वेळ ३५ मिनिटं ठेवा. सुरुवातीला पाच-सात मिनिटं गप्पा: काल बाजारात काय पाहिलं, बैल का विकला. मुलं जे बोलतील त्यातली दोन वाक्यं फळ्यावर लिहा आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचा. मग मुलं एकेक करून वाचतील. पुढची आठ मिनिटं बाराखडीचा तक्ता, पण 'क का कि की' घोकत नाही. 'का' दाखवून 'की कुठे?', 'मि' दाखवून 'आता मो दाखव' असं उड्या मारत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि नंतर उच्चारतात, तिथे बरीच मुलं घसरतात. त्यावर वेगळा वेळ द्या. मग जोडीने वाचन दहा मिनिटं, आणि शेवटी आपल्या मनातलं एक वाक्य लिहायचं. शुद्धलेखन आता तपासू नका, वाक्य मुलाचं स्वतःचं आहे की नाही तेवढंच बघा.

परिच्छेद पातळीवरची मुलं जवळजवळ नेहमी जोडाक्षरांपाशी अडतात, कारण दुसरी बुडाली. ती एका क्रमाने घ्या. आधी एकाच अक्षराची जोडी: पक्का, कच्चा, गल्ला, अण्णा. मग ज्यात अर्धं अक्षर डोळ्यांना दिसतं ते: पुस्तक, रस्ता, ग्लास. त्यानंतर 'र'. यालाच सर्वांत जास्त दिवस लागतील, कारण तो चार रूपांत येतो. 'प्रकाश'मध्ये खाली तिरका, 'ट्रक'मध्ये खाली टोपीसारखा, 'सूर्य'मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि 'दुसऱ्या' या शब्दात आडवा. सूर्यातला रफार डोळ्यांना 'य'नंतर दिसतो आणि तोंडात 'य'च्या आधी येतो. मूल 'सूयर' वाचतं ते यामुळे. हे त्याला बोटाने दाखवून सांगितलं की कळतं, नुसतं 'नीट वाच' म्हणून कळत नाही. द्ध, द्य, क्ष, ज्ञ अगदी शेवटी. दिवसाला सहा ते आठ शब्द पुरेत, पण दुसऱ्या दिवशी ते शब्द वाक्यात पुन्हा आले पाहिजेत.

बारा वर्षांच्या मुलाला पहिलीचं पुस्तक हातात देऊ नका. ते लाजेनं मिटून जातं. सोपा मजकूर त्याच्या वयाचा हवा: कबड्डी, मोबाइल दुरुस्ती, साप चावल्यावर काय करावं, एसटीचं वेळापत्रक. असे चार-पाच ओळींचे उतारे तुम्हीच लिहा. दहा उतारे पंधरा दिवस चालतात.

गणिताला रोज २५ मिनिटं. खराट्याच्या काड्या किंवा आइसक्रीमच्या काड्या आणि रबर, चार मुलांमागे शंभर. दहा-दहाचे गठ्ठे मुलांनीच बांधायचे. ५२ मधून २७ वजा करताना ३५ हे उत्तर आलं, तर मूल दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करतंय. त्याला पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि सात सुट्या मागा. ते आपणहून एक गठ्ठा सोडतं. तो सोडलेला गठ्ठा म्हणजे हातचा, हे त्याच क्षणी फळ्यावर लिहून दाखवा. उशीर केलात तर काड्यांचा खेळ वेगळा राहतो आणि पाटीवरचं गणित वेगळं. मग ३०२ सारख्या मध्ये शून्य असलेल्या संख्या घ्या, तिथे गाडी पुन्हा अडेल.

संख्यानामांचा गोंधळ असेल तर २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकाने जी रीत आणली आणि ज्यावर वाद झाला, ती वापरायला संकोच करू नका. आधी 'साठ तीन', मग 'त्रेसष्ट'. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत मुलं हमखास चुकतात, त्यांना 'साठ नऊ' आणि 'सत्तर नऊ'चा आधार लागतो.

दर दहा-बारा कामाच्या दिवसांनी फक्त पुढच्या पातळीचा कागद द्या. जमलं की मूल त्याच दिवशी वरच्या गटात. हे काटेकोर पाळा. गट महिनोन्‌महिने तेच राहिले की वर्गात एक 'ढ' बाक तयार होतो, आणि मग या पद्धतीने फायद्याऐवजी नुकसान होतं. चाळीस ते पन्नास दिवस सलग तास चालला तर शब्द पातळीवरची बहुतेक मुलं परिच्छेदावर येतील अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. खंड पडू देऊ नका. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सर्वेक्षण अशा कारणांनी दोन आठवडे बुडले की अक्षर गटातली मुलं पुन्हा मागे जातात.

१४ मुलांच्या पालकांना बैठकीत हे दाखवा की त्यांच्या मुलांचाही हा तास रिकामा जात नाही. पुस्तकपेटीतलं पुस्तक वाचून त्यावर रोज पाच ओळी लिहिणं, अपूर्णांक, शाब्दिक उदाहरणं स्वतः तयार करून एकमेकांना घालणं, हे त्यांचं काम. हुशार मुलांना रोज 'छोटे शिक्षक' करू नका. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं ठीक, त्याहून जास्त म्हणजे त्यांच्या वेळेवर अन्याय, आणि पालकांची तक्रार मग रास्त ठरते.

बाकीच्या तासांना इतिहास-विज्ञान शिकवताना धड्यातले आठ-दहा अवघड शब्द आधी फळ्यावर घ्या आणि धडा तुम्ही मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या मुलाला समजत नाही असं मुळीच नाही. त्याला तोंडी प्रश्न विचारा, तोंडी उत्तर घ्या.

केंद्रप्रमुखांसाठी तुमच्या हातात कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं त्यात आहे, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हेही त्याच कलमात आहे. दोन्ही कर्तव्यं बरोबरीची आहेत. तुमचा एका पानाचा तक्ता केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत मांडा. 'तेरा धडे झाले' यापेक्षा 'शब्द पातळीवरची पाच मुलं परिच्छेदावर आली' हे सांगणं जास्त वजनदार ठरतं.

गावात बारावी झालेल्या दोन मुली संध्याकाळी तासभर द्यायला तयार असतील तर त्यांना जरूर घ्या. तमिळनाडूने २०२१ च्या अखेरीस 'इल्लम तेडी कल्वी' ही योजना अशीच सुरू केली. वस्तीतली स्वयंसेवक, संध्याकाळी तास-दीड तास, महिना १,००० रुपये मानधन. तिथे शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत बुडालेल्या शिक्षणाचा दोन-तृतीयांश भाग भरून निघाला, आणि भरून निघालेल्यातला सुमारे पाव वाटा या वर्गांचा होता. उरलेला बराच वाटा शाळेचा होता. तेव्हा संध्याकाळचा वर्ग जोडीला ठेवा, शाळेतला तास त्यावर सोडू नका.

उसाला जाणाऱ्या चार मुलांचं वेगळं नियोजन लागेल. हंगामी वसतिगृहाची सोय होत असेल किंवा आजी गावात राहत असेल, तर मूल मागे ठेवण्याबद्दल मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेण्याआधीच आईबापांशी बोला. एकदा उचल घेतली की निर्णय झालेला असतो. मूल जाणारच असेल तर पटावरून नाव कमी करू नका. शिक्षण हमी कार्ड भरून द्या, त्यावर तुमची 'अ-श-प-गो' पातळी लिहा. मुलाला सांगा की कारखान्याजवळच्या शाळेत दाखला नाही म्हणून कोणी प्रवेश नाकारू शकत नाही. दाखल्याला उशीर हे प्रवेश अडवण्याचं कारण होत नाही, हे कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. शाळा कर्नाटकात असली तरी कायदा तोच, भाषेची अडचण मात्र उरतेच.

आणि फोन. बोट्सवानामध्ये २०२० ला शाळा बंद असताना एक प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला गणिताचे नुसते संदेश पाठवले, काहींना संदेशांबरोबर पंधरा-वीस मिनिटांचा फोन केला. नुसत्या संदेशांचा उपयोग झाला नाही, फोनचा झाला. साधा बटणाचा फोन पुरला. तुमच्या चार मुलांना आठवड्याला ऐंशी मिनिटं लागतात, दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर वाटून घेतली तर चाळीस. निघण्याआधी प्रत्येकाला वीस उताऱ्यांची आणि वीस उदाहरणांची हाताने शिवलेली वही द्या. तुमच्याकडे तिची प्रत ठेवा. फोनवर पाच मिनिटं उतारा वाचून घ्यायचा, दहा मिनिटं एकच उदाहरण. उत्तर विचारू नका, 'कसं केलंस ते सांग' म्हणा, चूक कुठे होतेय ते तिथेच कळतं. पाच मिनिटं आईशी. वेळ आईलाच ठरवू द्या. ऊस भरायला गाडी कधीही येते, म्हणून तीन ठरलेले फोन चुकले तरी चौथा करा.

आई शिकलेली नसेल तर ती काय करणार, हा प्रश्न पालकसभेत येईलच. मुलाला रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला सांगणं आणि ऐकणं तिला जमतं. कुठे अडखळतंय ते ऐकणाऱ्याला कळतं, वाचता यावं लागत नाही. तिची एखादी गोष्ट मुलाने लिहून काढावी, हाही चांगला अभ्यास आहे.

महिनाभर न आलेल्या मुलीकडे मात्र आजच जा, वरचं सगळं नंतर. फोन करू नका, घरी जा, जमलं तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या बाईला घेऊन. लहान भावंड सांभाळायला ती थांबली असेल तर भावंडाची अंगणवाडीत सोय लावता येते. मासिक पाळी सुरू झाली आणि शाळेत स्वच्छतागृहाला पाणी नाही, हेही कारण असतं आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. लग्नाची बोलणी चालू असतील तर सावध व्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि बीडमध्ये प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट. गावात ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ वर नाव न सांगता कळवता येतं. ती परत आली की तिला आधी चाचणीला बसवू नका. दोन दिवस गटात बसू द्या, मग कागद द्या.

आठवीत जायला या मुलांकडे दोन वर्षं आहेत. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. आठवीच्या त्या प्रश्नपत्रिकेतली वाक्यं तुमच्या ९ जणांना वाचता यायला हवीत. पहिली चाचणी येत्या सोमवारी घ्या, आणि चार मुलं निघायच्या आत दुसरी आणि तिसरी झालेली असेल असं बघा.